निउमार्क्ट आंदोलन, ॲम्स्टरडॅम

ॲम्स्टरडॅमच्या जुन्या गावठाणात, निउमार्क्ट चौकाच्या आसपास, मेट्रो आणि चौपदरी रस्त्यासाठी चाललेल्या पाडापाडीविरुद्ध रहिवाशांनी दिलेला लढा. १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला असं धरतात, कळस मार्च-एप्रिल १९७५ मध्ये. राहायला परवडणारी घरं, जुन्या इमारती आणि सायकलस्वारांची सुरक्षितता हे तीन वेगवेगळे प्रश्न इथे एकाच गल्लीत येऊन भिडले.

ही मुळात ज्यू वस्ती. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी इथल्या माणसांना छळछावण्यांत नेलं, घरं ओस पडली, आणि १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात लोकांनी त्या घरांतलं लाकूड जळणासाठी काढून नेलं, मग युद्धानंतर वस्ती तशीच मोडकळीला आलेली राहिली. महापालिकेला ती सरळ साफ करायची होती. १९६७ ला डेव्हिड योकिनेन या अमेरिकन नियोजकाने मोटार लॉबीच्या पैशातून केलेल्या आराखड्यात तर चक्क कालवा बुजवून महामार्ग काढायचा होता, तो काही झाला नाही, पण त्या काळचा एकूण मूड कळतो.

आंदोलनाचं मूळ कशात, यावर एकमत नाही. बरेच जण प्रोव्हो या ॲम्स्टरडॅममधल्या बंडखोर तरुणांच्या गटापासून सुरुवात करतात. जुलै १९६५ मध्ये या गटाच्या ल्यूड शिमेलपेनिंकने पांढऱ्या सायकलींची योजना मांडली, महापालिकेने दरवर्षी २०,००० पांढऱ्या सायकली घेऊन बिनाकुलूप, कुणीही वापराव्यात अशा रस्त्यावर ठेवायच्या. प्रत्यक्षात किती ठेवल्या? काही ठिकाणी पन्नासच्या आसपास असं लिहिलेलं सापडतं, स्वतः शिमेलपेनिंकने मात्र नंतर दहाएकच सांगितल्या, आणि हाच आकडा जास्त पटतो, कारण त्याही पोलिसांनी लगेच उचलल्या होत्या, कारण काय तर कुलूप नाही म्हणजे चोरीला आमंत्रण! (पुण्यात वगैरे ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या त्या कल्पनेची वंशावळ इथपर्यंत मागे नेतात.) दुसरं मत असं की सायकलींसाठी खरा दबाव आला तो ‘स्टॉप दे किंडरमोर्ड’ म्हणजे ‘मुलांचे खून थांबवा’ या मोहिमेतून. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांत साधारण ३,३०० माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. त्यात १९७३ चं तेलसंकट आलं, आणि १९७५ ला सायकलस्वारांची स्वतंत्र संघटना. दोन्ही मतांत तथ्य आहे, पण या दोन्ही कथांत निउमार्क्टचं श्रेय जरा कमीच धरलं जातं असं वाटतं. गल्ल्या जुन्या रुंदीच्याच राहिल्या म्हणून तिथे मोटारींना वेग मिळाला नाही, सायकलचे पट्टे वगैरे सगळं त्यानंतरचं.

तांत्रिक बाजू समजली नाही तर भांडण एवढं का पेटलं ते कळत नाही. मेट्रो बोगदा खणून न्यायची नव्हती, केसॉन पद्धत होती. म्हणजे काँक्रीटच्या अवाढव्य पेट्या जमिनीवरच बांधायच्या, पेटीखालच्या बंद कप्प्यात हवेचा दाब ठेवून पाण्याच्या फवाऱ्याने माती सैल करून उपसायची, की पेटी स्वतःच्या वजनाने खाली बसत जाते, मग अशा पेट्या एकमेकींना जोडायच्या. भुसभुशीत, पाणथळ जमिनीत ही पद्धत चालते, पण पेटी जिथे बसवायची तिथे वर एकही घर उभं राहू शकत नाही. मेट्रो जमिनीखालून जाणार, मग घरं का पाडता, या प्रश्नाचं उत्तर हे.

चौपदरी रस्ता १९७२ ला महापालिकेत अगदी काठावरच्या मतदानाने रद्द झाला. मेट्रो मात्र हान लामर्स या समाजवादी पदाधिकाऱ्याने रेटून नेली. पाडायला काढलेल्या घरांत तरुण घुसून राहत होते. २४ मार्च १९७५ ला पोलिसांनी अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे मारून ती रिकामी केली, एप्रिलमध्ये पुन्हा तेच.

चळवळ एकजीव होती असं समजू नये. खेर्ट ब्रिंकग्रेव्हसारख्यांना ऐतिहासिक वास्तू वाचवायच्या होत्या, घरं बळकावून राहणाऱ्यांना स्वस्त भाडं हवं होतं. दोघांचं जमलं ते पिंटो वाड्यापाशी. इसाक दे पिंटोने ही वास्तू १६५१ मध्ये घेतली, आजचा दर्शनी भाग साधारण १६८० च्या दशकातला मानतात, आणि ती नेमकी रस्तारुंदीच्या आड येत होती. ती वाचली, दुरुस्त झाली.

घरं गेली आणि मेट्रो झाली (१९७७, मध्यवर्ती स्थानकापर्यंत १९८०), पण पुढच्या मार्गांचे बेत गुंडाळले गेले आणि वरची वस्ती जुन्या गल्ल्यांच्या आखणीवरच पुन्हा बांधली, आल्डो फान आइक आणि थिओ बॉश या वास्तुरचनाकारांकडून, बरीचशी कमी भाड्याची घरं. १९७८ पासून महापालिकेत यान स्खेफर हा पदाधिकारी घरबांधणी बघायला लागला, ‘बडबडीत राहता येत नाही’ असं म्हणणारा तो हाच. निउमार्क्ट स्थानकात या आंदोलनाच्या खुणा कलाकृती म्हणून लावल्यात, ज्यांनी पाडलं त्यांनीच लावल्यात हे विशेष.

२०१० मध्ये कालव्यांचा पट्टा जागतिक वारशात गेला आणि त्याच वर्षी रिकामी घरं बळकावण्यावर देशभर बंदी आली. उत्तर-दक्षिण मेट्रो २०१८ ला सुरू झाली, यावेळी जुन्या शहराखालून यंत्राने बोगदा काढून, तरी २००८ मध्ये स्थानकाच्या खोदकामात फेजलग्राख्टवरची काही जुनी घरं खचलीच.