बर्गरमधलं लेट्यूस: पॅटीखाली की पॅटीवर?

पान तेच, बन तोच, पॅटीही तीच. तरी लेट्यूस पॅटीखाली ठेवलं तर त्याचं काम एक असतं आणि पॅटीवर ठेवलं तर अगदी वेगळं. खाली ते अस्तर असतं, म्हणजे रस अडवायचा. वर ते कुरकुरीतपणासाठी असतं, म्हणजे दाताखाली वाजायला हवं. बहुतेक बिघडलेल्या बर्गरांत ही दोन कामं एकमेकांत मिसळलेली असतात: अस्तराच्या जागी चिरलेलं लेट्यूस घातलेलं असतं, नाहीतर कुरकुरीत राहायला हवं ते पान तव्यावरून उतरलेल्या पॅटीला थेट चिकटवलेलं असतं.

आधी खालचं पान. जाड पॅटी, म्हणजे 150 ते 180 ग्रॅमची, तव्यावरून उतरवून दोन मिनिटं तशीच राहू दिली तरी पहिल्या घासाला रस सोडतेच. तो रस खालीच जाणार. त्यातच खालचा बन वरच्यापेक्षा बहुधा पातळ कापलेला असतो आणि सगळं वजन त्याच्यावर असतं. म्हणून तिथे दोन थर हवेत. पहिला थर स्निग्ध पदार्थाचा: बनची कापलेली बाजू लोण्यावर गडद सोनेरी होईपर्यंत भाजायची आणि एक चमचा मेयोनेज अगदी कडेपर्यंत पसरायचं. मेयोनेज पसरल्यावर चकाकत राहिलं तर भाजणं जमलं. लगेच आत मुरलं तर बन कमी भाजलाय. मध्येच गोळा ठेवून कडा कोरड्या सोडल्या तर लगदा कडेपासूनच व्हायला लागतो.

दुसरा थर लेट्यूसचा, आणि तो अखंड पानाचाच. आइसबर्ग लेट्यूसचं वाटीसारखं वळलेलं पान घ्यायचं, मधली जाड शीर तळहाताने दाबून मोडायची म्हणजे पान सपाट बसतं, आणि दोन्ही बाजूंनी पुसून अगदी कोरडं करायचं. पॅटीच्या उष्णतेने हे पान काही मिनिटांत मऊ पडेल. पडू दे. मऊ पडलं तरी पान अखंड असतं आणि अखंड पानातून रस सहज झिरपत नाही. इथे त्याच्याकडून कुरकुरीतपणाची अपेक्षाच नाही. चिरलेल्या लेट्यूसमधून मात्र रस चाळणीतून गळावा तसा गळतो. मॅकडोनाल्ड्सच्या बिग मॅकमध्ये चिरलेलं लेट्यूस पॅटीखालीच असतं आणि तरी निभावतं, कारण त्यातली प्रत्येक पॅटी कच्ची असताना जेमतेम 45 ग्रॅमची असते. तिच्यात गळायला फारसा रसच नसतो. तोच क्रम 180 ग्रॅमच्या पॅटीला लावला की खालचा बन हातात सुटतो.

आता वरचं पान. 1957 साली आलेल्या, बर्गर किंगच्या व्हॉपर या बर्गरचा क्रम बघा: खाली पॅटी, तिच्यावर काकडीच्या आंबट चकत्या, केचप, कांदा, मग टोमॅटो, मग लेट्यूस आणि वरच्या बनला मेयोनेज. लेट्यूस पॅटीपासून जितकं लांब नेता येईल तितकं नेलंय. रस खाली जातो तशी वाफ वर येते, आणि लेट्यूस बहुतेक पाणीच असल्यामुळे वाफ लागताच ते मान टाकतं. मधला कांदा आणि गार टोमॅटो ती वाफ झेलतात. तव्यावर दाबून कुरकुरीत केलेल्या 80 ते 100 ग्रॅमच्या पातळ पॅटीसाठी हीच रचना उत्तम. रस कमी असल्यामुळे खाली भाजलेला बन आणि सॉस पुरेसे होतात.

या रचनेची खरी अडचण घसरण्याची आहे. टोमॅटो ओला, पान गुळगुळीत, वर मेयोनेज. चावा घेतला की सगळं मागच्या बाजूने बाहेर येतं. टोमॅटोच्या 5 मिलिमीटर जाडीच्या चकतीवर चिमूटभर मीठ टाकून ती पाच मिनिटं कागदी रुमालावर ठेवायची. कागदावर गोल ओला डाग उमटतो. तेच पाणी एरवी बर्गरमध्ये उतरलं असतं. चकती वरूनही टिपून घ्यायची. दोन लहान चकत्या एकमेकींवर चढवल्या की उतार तयार होतो, त्यापेक्षा बनच्या मापाची एकच मोठी चकती घ्यावी. लेट्यूस मात्र इथे खुशाल बारीक चिरावं आणि बर्गर बंद करण्याच्या अगदी आधी एक चमचा मेयोनेजमध्ये हलकं कालवावं. अख्ख्या चकचकीत पानावर मेयोनेज ठरत नाही, चिरलेल्या कडांना मात्र ते धरून राहतं.

चीज दोन्ही रचनांत पॅटीच्या वरच असू द्या. पॅटी तव्यावर असतानाच शेवटच्या 45 सेकंदांत काप ठेवायचा, तव्याच्या कडेला चमचाभर पाणी टाकायचं आणि झाकण घालायचं. वितळलेलं चीज हा बर्गरमधला खरा डिंक. कांद्याच्या पातळ चकत्या आणि आंबट काकडी त्यात गरम असतानाच हलकेच दाबल्या की तिथेच रुततात आणि वर येणाऱ्या टोमॅटोला खडबडीत बैठक मिळते. खालच्या पानाच्या रचनेतही टोमॅटो इथेच, चीजवर ठेवावा. इन-एन-आउट या अमेरिकी बर्गर साखळीत तो लेट्यूसच्याही खाली, बनजवळ असतो. ताबडतोब खायचा असेल तर ते चालतं, पण टोमॅटोचं पाणी आणि बन यांच्यामध्ये मग फक्त सॉस उरतो.

पॅटी दोन्हींच्या मधली, 120 ग्रॅमच्या आसपासची असेल तर लेट्यूस दोन्हीकडे घाला: खाली एक अखंड पान, वर मूठभर चिरलेलं. डब्यात भरून न्यायचं असेल तर वर-खालीचा प्रश्नच उरत नाही. बंद डब्यात दहा मिनिटांत वाफ सगळीकडे पोचते. बन, पॅटी आणि चीज एकत्र बांधा, झाकणाला बारीक फट ठेवा, आणि लेट्यूस-टोमॅटो कोरड्या कागदात गुंडाळून वेगळं द्या. खायच्या वेळी आत सरकवायला अर्धं मिनिटही लागत नाही.