नोटीस पिरियड आला कुठून?

राजीनामा लिहायला बसलं की पहिली दोन वाक्यं सहज जमतात. हात अडतो तो तारखेपाशी. 'माझा शेवटचा दिवस' याच्यापुढे काय लिहायचं? पंधरा दिवस, महिना, की नव्वद दिवस? करारात आकडा दिलेला असतो. तरी साहेब काय म्हणतील, हातातलं काम कोण घेईल, नव्या ठिकाणी थांबतील का, या विचारांत माणूस ती तारीख तीनदा खोडतो. नोकरी सोडणाऱ्याच्या मनात आपण काही गुन्हा करतोय अशी भावना का येते, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं. एके काळी तो खरोखरच गुन्हा होता.

इंग्लंडमध्ये १५६३ साली कारागीर आणि मजुरांसाठी एक कायदा झाला. अनेक धंद्यांत नेमणूक वर्षभरासाठीच करायची आणि मुदत संपण्याआधी तीन महिन्यांची पूर्वसूचना दोन्ही बाजूंनी द्यायची, असं त्यात होतं. यामागे शेतीचं गणित होतं. ऐन कापणीत मजूर निघून गेला तर पीक शेतात राहतं. उलट, कापणी उरकल्यावर थंडीत मालकानं हाकललं तर मजुरानं खायचं काय? काम असो-नसो, सगळ्या ऋतूंत मालकानं पोसावं आणि नोकरानं राबावं, हाच न्याय असं विल्यम ब्लॅकस्टोन या कायदेपंडितानं अठराव्या शतकातही लिहून ठेवलं आहे. मुळातली कल्पना मला रास्त वाटते: अचानक सोडून जाणं दोघांनाही महागात पडतं, म्हणून दोघांनीही आधी सांगावं.

शिक्षेत मात्र ही बरोबरी नव्हती. मुदतीआधी नोकराला काढणाऱ्या मालकाला दंड व्हायचा, तर काम सोडून जाणारा नोकर तुरुंगात जायचा. १८२३ च्या इंग्लिश कायद्यानं ही कैद तीन महिन्यांपर्यंत ठेवली. भारतातही १८५९ मध्ये असाच कायदा आला. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करता येत असे. तो रद्द करायला १९२५ साल उजाडलं.

फ्रान्समध्ये वेगळी पद्धत होती. १८०३ पासून तिथल्या कामगाराकडे एक छोटी पुस्तिका असे. कामावर लागताना ती मालकाच्या ताब्यात जाई. सोडताना 'याच्याकडे काही बाकी नाही' असा शेरा मिळाल्याशिवाय दुसरीकडे काम मिळणं अवघड. उचल फिटलेली नसेल तर शेरा अडकायचा आणि शेऱ्यापायी माणूस. ही पुस्तिका १८९० मध्ये गेली. रिलिव्हिंग लेटर अडवून धरलेल्या कुणालाही तिची कहाणी ओळखीची वाटेल.

इंग्लंडमध्ये १८७५ साली करार मोडण्याबद्दल कामगाराला तुरुंगात टाकणं जवळपास संपलं आणि प्रश्न पैशाच्या भरपाईवर आला. आजही बहुतेक ठिकाणी मालक फार तर नोटिशीच्या उरलेल्या दिवसांचे पैसे मागू शकतो. माणसाला खुर्चीला बांधून काम करून घेता येत नाही.

मग आठवडा, महिना हे आकडे कुठून आले? पगाराच्या चक्रातून. आठवड्याला मजुरी घेणाऱ्यानं आठवडा आधी सांगायचं, महिन्याचा पगार घेणाऱ्यानं महिना. घरकामाच्या नोकरांबाबत इंग्लंडमध्ये 'महिन्याची सूचना, नाहीतर महिन्याचा पगार' असा रिवाजच पडला. आपण ज्याला नोटीस पे म्हणतो, तो त्याच वाटेनं आला. या चक्रातून माणसांचे वर्गही पडले. जर्मनीत हातानं काम करणाऱ्याची मुदत कमी आणि कचेरीत बसणाऱ्याची जास्त, असा भेद कितीतरी वर्षं चालला. १९९० मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं तो समतेविरुद्ध ठरवला आणि १९९३ मध्ये दोघांसाठी एकच मुदत आली: चार आठवडे.

विसाव्या शतकातला खरा बदल मात्र निराळा. ब्रिटनच्या १९६३ च्या कायद्यात कामगारानं द्यायची नोटीस एकच आठवडा ठेवली गेली, तर मालकानं द्यायची नोटीस नोकरीच्या वर्षांनुसार चार आठवड्यांपर्यंत वाढत गेली. पुढे ती बारा आठवड्यांपर्यंत पोचली. कारण उघड आहे. एका माणसाच्या जाण्यानं कंपनीची गैरसोय होते, नोकरी जाण्यानं घर अडचणीत येतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८२ चा नोकरी संपवण्याबाबतचा करारही मालकानं द्यायच्या वाजवी सूचनेबद्दलच बोलतो. अमेरिकेत तर खासगी नोकरीत साधारणपणे कुणावरच नोटिशीचं कायदेशीर बंधन नाही. तिथले प्रसिद्ध 'दोन आठवडे' हा निव्वळ शिष्टाचार आहे.

म्हणून तारीख लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या धरलेल्या बऱ्या. करारातला आकडा ही देण्याची बाब आहे: तो पाळायचा, नाहीतर त्याचे पैसे मोजायचे किंवा बोलून कमी करून घ्यायचा. हँडओव्हरला लागणारे दिवस ही कामाची बाब आहे. अर्धवट फाइली, फक्त आपल्यालाच ठाऊक असलेले पासवर्ड, ज्या ग्राहकाला आपण शब्द दिलाय त्याचं नाव, हे सगळं एका कागदावर उतरवलं की खरे दिवस किती लागतात ते कळतं. बहुतेकदा ते करारापेक्षा कमीच निघतात.