राऊटरच्या पोटातलं पान

राऊटर उलटा केला की पोटाशी एक स्टिकर दिसतं. त्यावर बारीक अक्षरांत एक आकडा असतो: १९२.१६८.१.१, कुठे शेवटी ०.१, जिओच्या डब्यावर २९.१. तो ब्राउझरच्या पट्टीत टाकला की नाव-पासवर्ड विचारणारं एक पान उघडतं. (बरेचजण १ च्या जागी इंग्रजीतला लहान एल टाकतात आणि भलतीकडेच पोचतात.) हे पान इंटरनेटवर नसतं. बाहेरची केबल तुटली, बिल थकलं, तरी उघडतं, कारण ते त्या डब्यातच राहतं. वायफायचं नाव बदलायला, शेजाऱ्याला हुसकून लावायला आपण तिथे जातो.

पूर्वी नेटवर्कच्या यंत्राशी बोलायचं तर त्याच्याजवळ जाऊन बसावं लागे. मागच्या कन्सोल पोर्टात एक चपटी, फिकट निळी केबल खुपसायची, दुसरं टोक कॉम्प्युटरच्या सीरियल पोर्टला, वेग ९६००, आणि एंटर. काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकला की जीव भांड्यात. लांबून काम करायचं तर टेलनेट नावाची नेटवर्कवरून जोडणीची सोय होती, पण पडदा तोच आणि आज्ञाही त्याच. पुण्या-मुंबईत सिस्को या राऊटर बनवणाऱ्या कंपनीचे क्लास केलेल्यांच्या बोटांना सेटिंग बदलायच्या आधीचं ते ‘कॉन्फ टी’ अजून पाठ आहे.

१९८८ मध्ये एसएनएमपी नावाची नियमावली आली. एका जागी बसून शंभर यंत्रांची खबर घेता यावी, हा त्यामागचा हेतू. १९९० च्या इंटरॉप प्रदर्शनात जॉन रोमकी यांनी त्यावर चक्क टोस्टर चालवून दाखवला. पाव मात्र हातानेच ठेवायचा होता! पण यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागे, तेही प्रत्येक कंपनीचं निराळं, आणि ते विंडोजवर चाललं तर मॅकवर चालेलच असं नाही.

१९९३ साली मोझेक ब्राउझर आला आणि तीन-चार वर्षांत प्रत्येक कॉम्प्युटरवर ब्राउझर असणं गृहीत धरलं जाऊ लागलं. मग कंपन्यांचा हिशोब सोपा झाला. यंत्रातच इवलासा वेब सर्व्हर, म्हणजे पानं पुरवणारा प्रोग्रॅम, घालायचा, बाकीचं ब्राउझर बघून घेईल. फ्लॉपी नको, सीडी नको. प्रिंटर, स्विच, राऊटर, सगळ्यांच्या पोटात असे सर्व्हर बसू लागले. अलेग्रो नावाच्या अमेरिकी कंपनीचा ‘रॉमपेजर’ त्यातलाच, पुढे त्याचं नाव पुन्हा येईल.

त्याच सुमारास आणखी दोन गोष्टी ठरल्या. १९९६ च्या फेब्रुवारीत खाजगी पत्त्यांचा नियम पक्का झाला. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरात, ऑफिसात कुणीही वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालणार नाहीत. म्हणून पुण्यातल्या डब्याचा आणि पॅरिसमधल्या डब्याचा पत्ता एकच असू शकतो. आणि त्याच वर्षी मे महिन्यात एचटीटीपीचा, म्हणजे ब्राउझर आणि वेब सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांचा, पहिला रीतसर दस्तऐवज निघाला. त्यात पासवर्ड विचारायची एक साधी पद्धत होती: ब्राउझर एकदा नाव-पासवर्ड विचारतो, लक्षात ठेवतो, आणि नंतर त्या पत्त्याकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला आपणहून जोडून देतो. तेव्हा ही सोय वाटली.

मोठ्या नेटवर्कवर काम करणाऱ्यांनी या पानांना कधी फारसा मान दिला नाही. माउसने राऊटर चालवणारा तो कच्चा, असाच सूर. त्यांच्या नाक मुरडण्याला २००१ मध्ये भक्कम कारण मिळालं. सिस्कोच्या यंत्रांतल्या आयओएस या प्रणालीच्या (आयफोनची ती वेगळी) वेब पानाच्या पत्त्यात ‘लेव्हल’ या शब्दापुढे १६ ते ९९ मधला योग्य आकडा घातला, की पासवर्डशिवाय पूर्ण ताबा मिळत होता. एकूण ८४ आकडे, एका दमात तपासून होतात. वेब सर्व्हर बंद करून टाका हा सल्ला तेव्हापासून ऐकू येतो, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात आयओएस एक्सई या तिच्या पुढच्या अवताराच्या वेब पानात दहापैकी दहा गांभीर्याची चूक सापडली तेव्हाही तोच द्यावा लागला.

घरात मात्र हे पान राज्य करायलाच आलं होतं. लिंकसिसचा निळा-काळा राऊटर, पासवर्ड ‘ॲडमिन’, हे समीकरण अमेरिकेतल्या घराघरांत रुजलं. २००२ च्या शेवटी त्यांचा डब्ल्यूआरटी५४जी आला. त्याच्या पानावर ‘पिंग’ नावाची एक चाचणी होती: पत्ता लिहा, बटण दाबा, तिथवर पोचता येतं का ते कळेल. कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या चौकटीत पत्त्याऐवजी उलट्या अवतरणचिन्हांत एखादी आज्ञा लिहिली, तर डबा ती निमूटपणे चालवतो. चौकट होती पिंगची, पण आत बसलं होतं अख्खं लिनक्स, कुणालाही वापरता-बदलता येणारी प्रणाली! लिनक्स वापरलं म्हणजे परवान्याप्रमाणे सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, द्यायला हवा, म्हणून बरीच बोंबाबोंब झाली. २००३ मध्ये, म्हणजे सिस्कोने लिंकसिस विकत घेतली त्याच वर्षी, कोड बाहेर आला. २००४ मध्ये त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. कंपनीने दिलेलं पान काढून त्या जागी आपलं पान बसवता येतं, हे लोकांना इथे पहिल्यांदा कळलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत लोभस प्रकरण हेच, आणि ते एका चुकीतून घडलं.

आपल्याकडे बहुतेकांनी हे पान पहिल्यांदा पाहिलं ते बीएसएनएलच्या डेटावन या ब्रॉडबँड सेवेमुळे. जानेवारी २००५, वेग २५६ केबीपीएस, आणि तेव्हा ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याही तेवढीच होती. रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असलेला प्लॅन घेऊन गजर लावून उठणारी पोरं तेव्हाचीच. मोडेमच्या पानावर व्हीपीआय शून्य, व्हीसीआय ३५, खाली पीपीपीओई, हे आकडे मित्राकडून फोनवर लिहून घ्यायचे. का शून्य, का ३५, हे विचारायचं नाही. कितीतरी मोडेमवर ‘अप्लाय’ दाबलं की बदल तेवढ्यापुरताच लागू व्हायचा. ‘सेव्ह अँड रीबूट’ वेगळ्या पानावर असायचं. ते विसरलं आणि लाईट गेली, की सगळं पुसलेलं. आणि ते दिवस महाराष्ट्रात लोडशेडिंगचे होते.

पासवर्ड? अर्थात ॲडमिन, ॲडमिन. घरातलं पान घरातलाच माणूस उघडणार, मग कशाला बदलायचा?

पण घरातला ब्राउझर दिवसभर बाहेर हिंडत असतो. एखाद्या भलत्या साइटवरची स्क्रिप्ट त्याच ब्राउझरकरवी १९२.१६८.१.१ कडे विनंती पाठवू शकते. पासवर्ड ब्राउझरने लक्षात ठेवलेला असतो किंवा ‘ॲडमिन’ म्हणून पहिल्या फटक्यात ओळखता येतो. राऊटरला वाटतं, मालकच आलाय. सिमँटेक आणि इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये हे मांडलं: राऊटरमधली डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची, एक ओळ बदलली, की बँकेचा पत्ता टाकणारा माणूस चोराच्या पानावर जाईल. ब्राझीलमध्ये २०११ मध्ये वाट थोडी वेगळी होती. मोडेममधल्या एका चिपच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक होती, पासवर्ड बाहेरूनच काढता येत होता. सुमारे ४५ लाख मोडेमचं डीएनएस बदललं गेलं.

मग रॉमपेजर. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्यातली अशी चूक उघड केली, की एक खास कुकी (ब्राउझर साइटला पाठवतो ती छोटी नोंद) पाठवून बाहेरूनच डब्याचा ताबा घेता येई. १८९ देशांत किमान १ कोटी २० लाख यंत्रं तिच्या टप्प्यात होती. चूक २००२ मधली, आणि अलेग्रोने ती २००५ मध्येच दुरुस्त केली होती! चिप बनवणाऱ्याने जुनीच प्रत उचलली, डबा बनवणाऱ्याने चिपबरोबर आलेली तशीच घातली, आणि डबा विकल्यावर तिकडे कुणी फिरकलं नाही. २०१७ च्या जुलैत बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचे मोडेम व्हायरसने बंद पडले. फटका बसला तो मुख्यतः कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवणाऱ्यांना, आणि तो बदला असं आवाहन बीएसएनएलला करावं लागलं.

त्यानंतर कायदे हलले. कॅलिफोर्नियात २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सगळ्या डब्यांना एकच पासवर्ड देता येत नाही. हल्ली स्टिकरवर जी अगम्य अक्षरं दिसतात ती अशी आली. एक भानगड मात्र सुटलेली नाही. बँकेच्या साइटला असतं तसं सुरक्षा-प्रमाणपत्र या पानाला मिळू शकत नाही, कारण १९२.१६८.१.१ हा पत्ता एकट्या तुमचा नाहीच. म्हणून स्वतःच्याच घरातल्या डब्याकडे जाताना ब्राउझर लाल अक्षरांत घाबरवतो. आकड्याऐवजी नाव द्यायचा उपायही झाला. टीपी-लिंक या राऊटर कंपनीने त्यासाठी एक सोपं डोमेन ठेवलं, स्टिकरवर छापलं, आणि २०१६ मध्ये उघड झालं की त्याचं नूतनीकरण करायलाच कंपनी विसरली होती.

सेवा देणाऱ्या कंपन्यांनी २००४ पासूनच टीआर-०६९ नावाची मागची वाट काढून ठेवली होती. तिच्यावरून त्या कंपन्या त्यांच्या ऑफिसातून आपल्या डब्याची सेटिंग बदलतात. आता पुढच्या दारावरही ॲप आलंय. माझ्या फायबरच्या डब्याचं पान अजून उघडतं, पण आत वायफायचं नाव, पासवर्ड आणि रीस्टार्ट, एवढंच उरलंय. बाकीच्या सेटिंगसाठी ॲपमध्ये लॉगिन करा, असं तिथे लिहिलेलं आहे. परवा नेट गेलं तेव्हा लॉगिन करायला गेलो, तर ॲप म्हणालं, इंटरनेट चालू आहे का ते तपासा.