पडवीतली गाडी बाहेर काढताय? किक मारायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत आमच्या चिपळूणच्या गॅरेजला टेम्पोत घालून जेवढ्या गाड्या येतात तेवढ्या अख्ख्या पावसाळ्यात येत नाहीत. गोष्ट दरवेळी तीच. मुंबईवरून माणसं आली, पडवीत शिमग्यापासून (काहींची तर दोन-तीन वर्षांपासून) ताडपत्रीखाली उभी असलेली स्प्लेंडर नाहीतर बाबांची आरएक्स बाहेर ओढली, चोक लावला आणि सुरू, पन्नास किका. नाही झाली चालू तर दोन पोरं मागे लावून उतारावर ढकलली, सेकंडला टाकून क्लच सोडला, खाडकन आवाज आला, मग आम्हाला फोन. उभी राहून गाडी जेवढी बिघडत नाही ना, तेवढी त्या पन्नास किकांत बिघडते, म्हणून हा कागद छापलाय.

होतं काय की गाडी बरेच महिने उभी राहिली की सिलिंडरच्या आतलं ऑइल सगळं खाली उतरून जातं, वर आपली कोकणातली दमट हवा, मग बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) बारीक गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटून बसतात. त्यात तुम्ही जोरात किक मारली की कोरड्या बोअरवर ओरखडे, आणि मग पाच मिनिटांच्या घाईपायी रिबोअरचा खर्च. त्यापेक्षा प्लगच्या आजूबाजूची माती पुसा, प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि गाडी रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी डबल स्टँडवर टॉप गिअरला टाकून मागचं चाक हाताने सावकाश फिरवा. फिरलं तर काम सोपं आहे. नाही फिरलं तर पुन्हा थोडं ऑइल आणि अजून एक दिवस, तरीही नाही तर आमच्याकडे आणा पण पाय लावू नका. आणि गिअर टाकल्यावर क्लच दाबूनही चाक मोकळं होत नसेल तर क्लच प्लेटा चिकटल्यात, इंजिन बंद ठेवून क्लच दाबून गाडी पुढेमागे हलवत राहा, बहुतेक वेळा सुटतात.

आता पेट्रोल. जुनं पेट्रोल आहे त्यावर चालवू असं म्हणू नका. हल्ली पंपावर मिळतं त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, पाणी टाकीच्या तळाला जाऊन बसतं आणि टाकी आतून गंजते, वरून पॉलिश चकाचक असली तरी. वास घेऊन बघा, वार्निशसारखा आला तर ते पेट्रोल सगळं काढा, घरातल्या दुसऱ्या गाडीतही ओतू नका. टाकीत बघायला बॅटरी (टॉर्च) घ्या, काडी किंवा लायटर नको (हसू नका, हे लिहायची वेळ आलीय म्हणून लिहिलंय). गंज थोडा असेल तर टाकी उतरवून आत मूठभर नट आणि व्हिनेगर घालून हलवून धुता येते, तळाला हात लावल्यावर पोपडे निघत असतील तर टाकी गेली.

कार्बोरेटर मात्र उघडावाच लागतो. चोकवर चालू होते, चोक काढला की बंद पडते, म्हणजे स्लो जेट (संथ चालताना पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलाय. त्यात सुई, तार, झाडूचा हीर काही घालू नका, भोक केसाएवढं असतं, जरा मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिते आणि लोक म्हणतात गॅरेजवाल्याने बिघडवली. क्लीनरचा स्प्रे आणि हवा, बस. एक गंमत अजून, गाडी मस्त चालू होते, दोन किलोमीटरवर बंद, टाकीचं झाकण उघडलं की सूंऽऽ आवाज, पुन्हा चालू. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलेलं असतं, पुष्कळदा कुंभारीण माशीने चिखल भरलेला असतो. सायलेन्सरमध्येही ती घर करते.

एअर फिल्टरच्या डब्यात आणि सीटखाली उंदरांचा संसार असतो, वायरी कुरतडलेल्या असतात. आधी काठीने ठोका, मग हात घाला, आणि हातमोजे घालून, कारण उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो आणि तो आपल्याकडे काही नवीन नाही.

टू-स्ट्रोकवाल्यांनी (आरएक्ससारख्या जुन्या गाड्या) पहिल्या टाकीला टूटी (2T) ऑइल पेट्रोलातच मिसळा, लिटरला 20 मिली, वेगळी ऑइलची टाकी असली तरीसुद्धा, कारण पंपाच्या नळीत हवा भरलेली असू शकते. धूर होईल, होऊ दे.

फ्युएल इंजेक्शनवाल्या नवीन गाड्यांचं गणित वेगळं, तिथे बॅटरी मेलेली असली तर काहीच होणार नाही. चांगली चार्ज बॅटरी उभ्या गाडीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, चार्ज करूनही साडेदहाच्या वर सरकत नसेल तर नवीन घ्या.

पुरात बुडालेली गाडी असेल तर वरचं सगळं विसरा, चावीसुद्धा फिरवू नका. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आम्ही कित्येक इंजिनांतलं ऑइल काढलं, दुधाच्या चहासारखं निघत होतं. ज्यांनी किक न मारता आणल्या त्यांचं बरंचसं ऑइल बदलून, धुऊन भागलं.

चालू झाली की लगेच ॲक्सिलरेटर पिळू नका. ताजं ऑइल आधीच घातलेलं हवं, दहा मिनिटं संथ चालू द्या, पन्नासेक किलोमीटर झाले की ते ऑइलही बदला.

पण खरं सांगायचं तर चालू होणं सोपं, थांबणं महत्त्वाचं. ब्रेक ड्रम गंजतात, केबल आत अडकते, एकदा दाबलेला ब्रेक सुटत नाही. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल दोन वर्षं झाली की बदलायचं, तेही पाणी ओढतं. टायरवर चार आकडे असतात, 3214 म्हणजे 2014 सालचा 32 वा आठवडा, अशा टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी बाजूच्या भेगा बघा. परशुराम घाट पहिल्याच दिवशी नको, आधी गावातल्या गावात फिरवा.

कागदांचं थोडक्यात. पंधरा वर्षं झाली असतील तर आरसी रिन्यू झालीय का बघा, पीयूसी काढा, 1 एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट हवी. इन्शुरन्स संपलेला असेल तर थर्ड पार्टी तरी आधी काढा, नसेल तर पहिल्याच वेळी 2000 दंड आहे, आणि अपघात झाला तर काय ते सांगायला नको.

आम्हाला यायच्या आठ दिवस आधी फोन करा, घरी येऊन गाडी नेतो, चतुर्थीच्या आदल्या दिवशी फोन केलात तर अनंत चतुर्दशीच उजाडेल. आणि परत जाताना पेट्रोल कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्बोरेटर सुका होतो, बॅटरीची वायर काढा, डबल स्टँडला लावा. चावी गावच्या घरातच ठेवा हो, दरवर्षी दोघे-तिघे ती खिशात घालून मुंबईला नेतात आणि आम्ही गाडी न्यायला आलो की आजी बिचाऱ्या डबे उपसत बसतात.