डॉक्टर, तुमचा शेवटचा रुग्ण आठवा

'तरुण रुग्ण आला की तुम्ही त्याच्याकडे लैंगिक आजारांबद्दल चौकशी करता का?' असा प्रश्न छापून हजार डॉक्टरांना पाठवला, तर बरेच जण 'बहुतेक वेळा' या चौकटीत खूण करून मोकळे होतील. ते खोटं बोलतात असं नाही. काय करायला हवं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि जे करायला हवं ते आपण करतोच, अशी आपली सगळ्यांचीच समजूत असते. तोच प्रश्न जरा फिरवून विचारा: 'पंचविशीच्या आतला तुमचा शेवटचा रुग्ण आठवा. त्याला जोडीदारांबद्दल विचारलं होतं का?' आता उत्तर द्यायचं तर सवयीबद्दलचं मत पुरत नाही, एक ठरावीक माणूस डोळ्यांसमोर आणावा लागतो. पहिल्या प्रश्नाने डॉक्टरचं ज्ञान कळतं, दुसऱ्याने थोडंफार वागणं.

हा फरक गुप्तरोगांच्या बाबतीत फार महागात पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली क्लॅमिडिया, परमा (गोनोरिया), उपदंश (सिफिलिस) आणि ट्रायकोमोनियासिस या चार बऱ्या होणाऱ्या आजारांची मिळून सुमारे ३७.४ कोटी नवी लागण झाली. यातल्या पुष्कळ लोकांना काहीच त्रास होत नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना लक्षणंच जाणवत नाहीत; जंतू मात्र वर सरकत गर्भनलिकांपर्यंत पोहोचतात, आणि मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या की जुन्या संसर्गाचे व्रण सापडतात. रुग्ण स्वतःहून तक्रार करणार नाही म्हटल्यावर आजार सापडणं न सापडणं डॉक्टरने विचारण्यावर आणि तपासणी लिहून देण्यावर येऊन ठेपतं. म्हणून साथीचा अभ्यास करणारे लोक जंतूंइतकाच डॉक्टरांचाही अभ्यास करतात.

अमेरिकेतल्या अशा एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. देशभरातून यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ७,३०० डॉक्टरांना टपालाने प्रश्नावली पाठवली होती. उत्तर देणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून कमी डॉक्टर लैंगिक आजारांसाठी नेमाने चाळणी तपासणी, म्हणजे लक्षणं नसतानाही करायची तपासणी, करत होते. रुग्ण सापडल्यावर आरोग्य खात्याला कळवणं कायद्याने बंधनकारक असूनही क्लॅमिडियाच्या बाबतीत ३७ टक्के, परम्याच्या बाबतीत ४४ टक्के, आणि उपदंश, एचआयव्ही व एड्सच्या बाबतीत ५३ ते ५७ टक्के डॉक्टरच तसं कळवत होते. जोडीदाराला कळवण्याचं काम तर ८२ ते ८९ टक्के डॉक्टर रुग्णावरच सोपवत होते.

मला या आकड्यांपेक्षा ते वाचण्याची रीत जास्त रंजक वाटते. 'डॉक्टरांनी स्वतःच सांगितलेलं, त्यावर काय विश्वास ठेवायचा?' असा आक्षेप लगेच येतो. पण इथे चूक कुठल्या बाजूला झुकेल हे आपल्याला साधारण माहीत आहे. कायद्याने करायला हवं ते काम न करता 'करतो' म्हणणारे डॉक्टर सापडतील. करत असून 'करत नाही' म्हणणारे विरळाच. शिवाय ज्यांना या विषयात रस आहे, तेच अशी प्रश्नावली भरून परत पाठवण्याची शक्यता जास्त. म्हणजे बाजू सावरून दिलेल्या उत्तरांतही प्रमाण ३७ टक्के असेल, तर प्रत्यक्षात ते त्याहून कमीच असण्याचा संभव आहे. डॉक्टरांची पाहणी चांगली बातमी देते तेव्हा ती जपून घ्यावी. वाईट बातमी देते तेव्हा तिच्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. एक अपवाद मात्र आहे. काही ठिकाणी प्रयोगशाळाही परस्पर कळवते, त्यामुळे डॉक्टरने कळवलं नाही म्हणजे नोंद झालीच नाही, असं धरता येत नाही.

थेट विचारण्याच्या या मर्यादांमुळे संशोधकांनी आडवळणाच्या वाटा काढल्या. सर्वांत उपयोगी ठरली ती काल्पनिक रुग्णाची गोष्ट. ती पानापानाने उलगडत जाते आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. पहिल्या पानावर: बावीस वर्षांची तरुणी, लघवीला जळजळ, आठवडाभर अँटिबायोटिक घेऊनही आराम नाही. काय विचाराल? डॉक्टरने लिहिल्यावर दुसरं पान: लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) आहेत, पण कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, काहीच वाढलं नाही. आता? इथे डॉक्टरांच्या दोन वाटा होतात. काही जण अँटिबायोटिक बदलून देतात. काही जणांना लगेच क्लॅमिडियाची शंका येते, कारण हा जंतू पेशींच्या आत राहतो आणि लघवीच्या नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाही. त्यासाठी जंतूचा जनुकीय अंश शोधणारी वेगळी तपासणी लागते. या गोष्टीत 'लैंगिक आजार' हे शब्द कुठेच आलेले नाहीत, आणि तेच तिचं बळ. डॉक्टरला ते स्वतःला सुचावं लागतं.

याच गोष्टीत एकच शब्द बदलून पाहता येतो. चिठ्ठ्या टाकून निम्म्या डॉक्टरांना 'अविवाहित' तरुणी द्यायची, निम्म्यांना 'विवाहित'. किंवा तिचं वय बावीसऐवजी पंचावन्न करायचं आणि तिला विधवा म्हणायचं. बाकी लक्षणं, अहवाल, सगळं जसंच्या तसं. दोन गटांनी लिहून दिलेल्या तपासण्यांत फरक पडला, तर तो त्या बदलामुळेच. 'लग्न झालेल्या बाईला असले प्रश्न विचारायचं मी टाळतो' असं कागदावर कोण कबूल करील? इथे कुणी कबुली देण्याची गरजच पडत नाही.

अशा गोष्टी खऱ्या वागण्याच्या किती जवळ जातात, हे अमेरिकेतल्या जॉन पीबॉडी आणि सहकाऱ्यांनी २००० साली तपासलं. गोष्टींवर उत्तरं लिहिणाऱ्या डॉक्टरांकडेच त्यांनी प्रशिक्षित नट रुग्ण म्हणून पाठवले, त्यांची केसपेपरवरची नोंदही पाहिली. नटांनी जे पाहिलं त्याच्या जास्त जवळ गोष्टींवरची उत्तरं होती. केसपेपर त्याहून मागे पडले. गुप्तरोगांत हे अधिकच पटतं, कारण रुग्णाचं गुपित जपायचं म्हणून डॉक्टर कधीकधी मुद्दामच लिहीत नाहीत. मग नटच का पाठवू नयेत? पाठवतात. पण 'स्राव होतोय' म्हणणाऱ्या नटाला डॉक्टरने तपासायला घेतलं की खेळ संपला. म्हणून नट असं काहीतरी सांगतो, की त्रास मला नाही, जोडीदाराला आहे.

आणखी एक युक्ती १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर या संख्याशास्त्रज्ञाने सुचवलेल्या कल्पनेवर बेतलेली आहे. तिचं सोपं रूप असं: प्रश्न आहे, 'गेल्या वर्षी कळवायलाच हवा असा रुग्ण तुम्ही कळवला नाही, असं घडलं का?' डॉक्टरने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर डोळे मिटून 'हो' लिहायचं, काटा आला तर खरं ते लिहायचं. समजा हजारांपैकी ६५० जणांनी 'हो' लिहिलं. त्यांतले सुमारे ५०० नुसत्या छाप्याचे. उरलेले १५० हे काटा पडलेल्या ५०० जणांपैकी, म्हणजे ३० टक्के. कुठल्या डॉक्टरचं 'हो' खरं आणि कुठल्याचं नाण्याचं, हे कुणालाच कळत नाही, तरी एकूण प्रमाण हाती येतं.

उपचारांबद्दलच्या प्रश्नांची अडचण वेगळीच. तिथे बरोबर उत्तरच बदलत राहतं. परम्याच्या जंतूने सल्फा, पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन ही औषधं एकामागून एक निकामी केली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गटातली औषधं त्यासाठी वापरायची नाहीत असं सांगितलं, आणि २०२० च्या अखेरीस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या एका इंजेक्शनची मात्रा २५० वरून ५०० मिलिग्रॅम केली. प्रश्नावली २०२० मध्ये भरून घेतली आणि तपासली पुढच्या वर्षी, तर उत्तरपत्रिका कुठली धरायची हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर वेळेवर शिकलेला डॉक्टरही नापास होतो.

जोडीदाराचा प्रश्न मात्र पाहणीपुरता उरला नाही. बहुतेक डॉक्टर ते काम रुग्णावर सोपवत असतील, तर जोडीदाराचं औषधही रुग्णाच्याच हाती का देऊ नये? ही कल्पना एका मोठ्या चाचणीत पारखली गेली. २००५ मधल्या तिच्या निकालांनुसार नेहमीच्या पद्धतीत १३ टक्के रुग्णांमध्ये परमा किंवा क्लॅमिडियाचा संसर्ग टिकून राहिला किंवा पुन्हा झाला. जोडीदारापर्यंत औषध पोचवण्याची सोय केली तेव्हा १० टक्क्यांमध्ये. त्यानंतर रोगनियंत्रण केंद्राने हा एक मान्य पर्याय म्हणून पुढे ठेवला. आता 'न तपासलेल्या माणसासाठी तुम्ही औषध लिहून देता का?' हेही डॉक्टरांना विचारता येतं. या प्रश्नाला गोड दिसणारं उत्तरच नाही. 'हो' म्हणावं तर न पाहिलेल्या रुग्णाला औषध दिल्याचा ठपका येतो, 'नाही' म्हणावं तर संसर्ग फिरत ठेवल्याचा. चांगलं दिसण्याची सोयच नसल्यामुळे इथली उत्तरं बहुधा जास्त खरी असावीत, असा माझा अंदाज आहे.