गोरखा भूकंप (२०१५) : रखडलेली घरबांधणी

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमधील गोरखा जिल्ह्यातल्या बारपाक परिसरात ७.८ परिमाणाचा भूकंप झाला. १२ मे रोजी ७.३ परिमाणाचा दुसरा मोठा धक्का बसला. सुमारे ९,००० माणसे मरण पावली आणि जवळजवळ पाच लाख घरे पूर्णपणे पडली. तरीही पहिल्या वर्षश्राद्धापर्यंत सरकारी अनुदानातून उभे राहिलेले घर शोधावे लागत होते.

याचे खापर नेहमी परदेशी देणगीदारांवर फुटते. ते अर्धेच खरे आहे. २५ जून २०१५ च्या काठमांडू परिषदेत, ६.७ अब्ज डॉलरच्या अंदाजित गरजेसमोर सुमारे ४.४ अब्ज डॉलरची आश्वासने मिळाली. त्यात भारताचा वाटा एक अब्जाचा होता. मात्र बराच भाग कर्जरूप होता, आणि प्रत्येक कर्जाला स्वतंत्र करार व मंजुरी लागते. शिवाय पैसे घ्यायचे कोणी, हेच ठरलेले नव्हते. हे काम ज्याच्याकडे जायचे, त्या राष्ट्रीय पुनर्निर्माण प्राधिकरणाचा अध्यादेश संसदेने मुदतीत मंजूर न केल्याने रद्द झाला, आणि कायदा डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मधल्या काळात नवे संविधान, मधेसातले (भारताला लागून असलेल्या नेपाळच्या दक्षिण सपाटीतले) आंदोलन आणि भारत-नेपाळ सीमेवरची नाकाबंदी आली. इंधनच नाही, तर सिमेंट डोंगरावर चढणार कसे? लोकांनी पहिला हिवाळा पत्र्याच्या निवाऱ्यात काढला.

घरमालकानेच घर बांधावे, सरकारने टप्प्याटप्प्याने पैसे द्यावेत, अशी पद्धत ठरली. किल्लारीच्या भूकंपानंतर (१९९३) ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. नेपाळने बहुतेक ठिकाणी ती वाट टाळली, आणि ते योग्यच झाले. दोन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान पुढे तीन लाख करण्यात आले. करार होताच ५० हजार, जोत्याची तपासणी झाल्यावर दीड लाख आणि भिंती छतापर्यंत आल्यावर एक लाख, असे तीन हप्ते होते.

अडचण हप्त्यांच्या मधल्या तपासणीत होती. इंजिनिअर येईपर्यंत काम थांबवावे लागे. तो येण्याआधीच जोते भरून टाकले, तर आतली सळई दिसत नसे आणि हप्ता अडकत असे. दगड-मातीच्या घरात जोत्याला, खिडकीखाली, चौकटीवर आणि छताखाली आडवे पट्टे हवेत. भिंतीच्या दोन्ही तोंडांना बांधणारे आरपार दगड आणि कोपऱ्यांतले सांधेही हवेत. ते नसले की हादऱ्यात भिंतीचे दोन थर सुटे होऊन ढासळतात. हे जाणणारे गवंडी कमी होते आणि धडधाकट तरुण आखाती देशांत किंवा मलेशियात होते. त्यामुळे मजुरी चढत गेली. लालपुर्जा, म्हणजे जमीनमालकीचा कागद, नसलेली कुटुंबे यादीतच अडकली. काही गावांहून बँकेपर्यंत दिवसभराची चाल होती.

पुढे हप्त्यांच्या मुदती जाहीर झाल्यावर उलटेच झाले. अनेकांनी तपासणीत बसेल एवढे एकाच खोलीचे घर उभे केले. धान्य, गुरे आणि चूल मात्र जुन्या पडक्या घरातच राहिली. आकडेवारीत असे घर ‘पूर्ण’ गणले जाते.

प्राधिकरणाची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पश्चिम नेपाळमधले जाजरकोट भूकंपाने हादरले, तेव्हा तिथल्या कुटुंबांना तात्पुरत्या निवाऱ्यासाठी ५० हजार रुपये पुन्हा हप्त्यानेच, २५-२५ हजार करून, देण्याचे ठरले.