पिटमन आणि ग्रेग: फरक जाड-बारीक रेषेचा नाहीये हो

शॉर्टहँड, म्हणजे बोललेलं झरझर टिपायची लघुलिपी, छंद म्हणून शिकायला निघालेल्या माणसाला तिच्या दोन पद्धतींबद्दल कुणीतरी हमखास ऐकवतं की पिटमनमध्ये जाड-बारीक रेषा असतात, ग्रेगमध्ये नसतात, बास, एवढाच फरक. मग तो बिचारा पेन कुठलं घ्यायचं यावर आठवडाभर डोकं खपवतो. हे वाचून वाचून वैताग आलाय म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पिटमन तुम्हाला बऱ्यापैकी येतं असं धरून चालतो. १८३७ मध्ये आयझॅक पिटमननं आणलेली पद्धत, सरळ रेषा आणि कमानी, 'ट' बारीक 'ड' जाड, 'प' बारीक 'ब' जाड, ग्रामालॉग (नेहमीच्या शब्दांची ठरलेली छोटी चिन्हं) पाठ करा, स्ट्रोक अर्धा करा, दुप्पट करा, तेच सगळं. ग्रेग १८८८ ची, जॉन रॉबर्ट ग्रेगची. तिच्यात जाडीचं काम लांबी करते: 'ट' आखूड 'ड' लांब, 'क' आखूड 'ग' लांब, 'र' आखूड 'ल' लांब. दिसायला नेहमीच्या तिरक्या हस्ताक्षरासारखी, सलग पळणारी. पेनाचं म्हणाल तर पिटमनला मऊ पेन्सिल किंवा लवचिक निब, ग्रेगला हाताला येईल ते. संपला पेनाचा विषय.

वेगावरून भांडणारे तर सोडूनच द्या. १९२२ मध्ये नेथन बेहरिननं पिटमन लिहून मिनिटाला ३५० शब्द घेतले, आणि अमेरिकेच्या प्रेसिडेंट विल्सनचा स्टेनो चार्ल्स स्वेम ग्रेग लिहायचा, तोही चॅम्पियनच. तुम्ही-आम्ही ८० ला धापा टाकतो, आपल्याला काय करायचंय त्याचं.

खरी गोची स्वरांची आहे. ती नीट कळली की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

पिटमनमध्ये आधी फक्त व्यंजनांचा सांगाडा काढायचा आणि स्वर नंतर बाजूला ठिपके आणि छोट्या आडव्या रेघा म्हणून द्यायचे, म्हणजे डिक्टेशन चालू असताना ते देतच नाही कुणी, काना-मात्रा-वेलांटी काढून टाकलेली मराठी वाचायची तसं पुढे वाचायचं. मग शब्द ओळखायचा कसा, तर पोझिशनवरून. शब्दातला पहिला स्वर कुठल्या गटातला आहे त्याप्रमाणे आउटलाइन (शब्दाची अख्खी रेखाकृती) ओळीच्या वर, ओळीवर किंवा ओळीला छेदून लिहायची. ग्रेगमध्ये स्वर आउटलाइनच्या आतच असतो, छोटं वर्तुळ, मोठं वर्तुळ, हुक, पेन न उचलता व्यंजनाला जोडून. शब्द ओळीच्या किती वर-खाली पडला याच्याशी ग्रेगला काही घेणं-देणं नाही.

आता इथे लोक लगेच म्हणतात, मग ग्रेगच बरी की, स्वर दिसतात तरी. थांबा जरा. इंग्रजीतले टॅप, टेप, टॉप आणि टिप हे चार शब्द घ्या. पिटमनमध्ये चौघांचा सांगाडा एकच, 'ट' आणि 'प'. टॅप ओळीच्या वर, टेप ओळीवर, टिप ओळीला छेदून, छान वेगळे झाले. पण टॉप पण ओळीच्या वरच! आणि टाइप पण! म्हणजे टॅप, टॉप, टाइप ठिपके-रेघा दिल्या नाहीत तर हुबेहूब सारखे. ग्रेगमध्ये टॉपला हुक येतो म्हणून तो टॅपपासून लगेच वेगळा पडतो, टिपला छोटं वर्तुळ, पण टॅप आणि टेप दोघांनाही मोठंच वर्तुळ, खाली खूण द्यायची सोय आहे पण घाईत ती देतंय कोण. थोडक्यात दोन्ही पद्धती माहिती गाळतात, फक्त वेगवेगळी माहिती गाळतात. पिटमन स्वर दाखवत नाही, तो कुठल्या गटातला ते सांगते. ग्रेग स्वर दाखवते पण ऱ्हस्व-दीर्घ एकाच चिन्हात कोंबते. 'सोपी कुठली' असं विचारण्यापेक्षा 'वाचताना मी कुठे अडखळणार' असं विचारा.

शिकवणाऱ्यांसाठी: पिटमनवाल्याला पहिल्यापासून ओळी आखलेल्या कागदावरच बसवा आणि स्वर पूर्ण द्यायला लावा, पोझिशन हातात बसली की मग सोडू देत. दुसऱ्याच आठवड्यात स्वर गाळून 'स्पीड' काढणाऱ्यांना पुढे स्वतःचंच लिहिलेलं लागत नाही. ग्रेगवाल्याला वर्तुळांची साइज घोटायला लावा, कारण लहान-मोठं वर्तुळ मधलंच कायतरी यायला लागलं की सगळं मुसळ केरात. स्वतःची डायरी लिहायची असेल, जी दहा वर्षांनी उघडणार, तर माझं मत सरळ ग्रेगला. पिटमनची आउटलाइन बघायला जास्त देखणी, हे मात्र मान्य.

आणि जुन्या वह्या जपणाऱ्यांनो, हात जोडतो, पिटमनची वही ब्लॅक-अँड-व्हाइट मोडमध्ये स्कॅन करू नका! त्यात जाड-बारीक एकसारखं होतं आणि 'प' चा 'ब' झाला तरी कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे पान 'स्वच्छ' दिसावं म्हणून आखलेल्या ओळी पुसणारे लोक, अहो ओळ गेली की पोझिशन गेली, म्हणजे स्वराचा उरलासुरला पत्ताही गेला. रंगीत स्कॅन करा, पूर्ण पान, ओळींसकट. ग्रेगला ओळ गेल्यानं फरक पडत नाही, पण तिथे एकेक शब्द कापून वेगळा मोठा करू नका, 'न' की 'म' हे शेजारच्या रेषांशी तुलना करूनच ठरतं.

लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर चार पानं तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेऊन रेकॉर्ड करा, प्रत्येकाचे स्वतःचे शॉर्टकट असतात आणि ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीत. आणि ती कुठली आवृत्ती शिकली होती तेही विचारून वहीवर लिहून ठेवा, कारण १९२९ ची अॅनिव्हर्सरी ग्रेग आणि १९६३ ची डायमंड ज्युबिली यांच्यात पाठ करायच्या ठरावीक आउटलाइनचा ढीग बराच कमी झालाय, एकीचं पुस्तक घेऊन दुसरीची वही वाचायला बसलात तर निम्म्या ठिकाणी डोकं आपटाल.